उद्याच्या डब्यांची फळी

मित्रांनो, माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवा. मधोमध आलात की बोटे जराशी खाली उतरतील. तेथे उथळ बशीसारखा खळगा पडला आहे. सुतारखान्यातून निघाले तेव्हा मी इतकी सपाट होते की माझ्यावर ठेवलेला वाटाणा जागचा हलत नसे. मी भाजी चिरायची लाकडी फळी आहे. वय झाले आहे, आणि खरे सांगायचे तर मी दमले आहे. माझे सगळे आयुष्य उद्याच्या डब्यांत गेले. आज चिरायचे, आज शिजवायचे, झाकून ठेवायचे. उद्या पुन्हा परवाचे चिरायचे.

एका सुताराने जेवणाचे मोठे टेबल केले. त्यातून उरलेला तुकडा म्हणजे मी. टाकून देणे त्याच्या जिवावर आले, म्हणून त्याने मला रंधा मारला, कडा गोल केल्या आणि टांगायला कोपऱ्यात एक भोक पाडले. माझ्या थोरल्या भावंडांच्या वाट्याला पाहुणे आले, माझ्या वाट्याला सुरी आली. तक्रार नाही. टेबलापेक्षा माणसांचे हात मी जास्त जवळून पाहिले.

नुकतेच लग्न झालेल्या एका नर्सने मला विकत घेतले. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचा संसार होता. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करत असे, आणि त्यांच्या स्वतःच्या इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती. यावर येणारा-जाणारा प्रत्येक जण धापा टाकत एकच विनोद करी आणि तो बिचारा दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसे. कचेऱ्या उघडण्याआधी लिफ्ट तपासाव्या लागत, म्हणून तो उजाडायच्या आत घर सोडी. सकाळी चूल पेटवायला वेळ कुठला? म्हणून दिवेलागणीनंतर उद्याची भाजी माझ्यावर येई. चिरली, शिजली, निवली, डब्यात भरली आणि फ्रिजमध्ये गेली, की त्या घराचा दिवस संपे.

त्यांना मुलगी झाली. रांगू लागल्यापासून ती ओट्याखाली सांडलेले कण वेचत फिरे, म्हणून तिचे नाव पडले मुंगी.

मुंगी शाळेत जाऊ लागली आणि तिच्या आईला दूरच्या देशातल्या मोठ्या रुग्णालयात नोकरी लागली. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ती भाजी चिरत सुटली. कोबी झाला, गाजरे झाली, घेवडा झाला, तरी तिचा हात थांबेना. फ्रिजचे दार लागेना, तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, एवढं नासून जाईल."

"चार दिवस तरी पुरेल ना?" ती म्हणाली, आणि तिने आणखी एक गाजर घेतले.

ती गेली आणि मुंगीला सांभाळायला मुंगीची आजी, म्हणजे नर्सची आई, आली. मित्रांनो, ही गोष्ट खरी त्या आजीची आहे.

आजी आली ती थोड्या दिवसांसाठी. सगळेच थोड्या दिवसांसाठी येतात. लेकीचा तिकडचा करार वाढला, तशी आजीची एकुलती पेटी पलंगाखाली आत आत सरकत गेली. जावयाच्या घरी राहायचे म्हणून तिला भारी संकोच. 'जावई म्हणजे दहावा ग्रह' असे ऐकत ती मोठी झालेली, आणि आता त्याच ग्रहाच्या ओट्यावर कांदा चिरायला आलेली. जावईही तसाच. सासूबाई ओट्याशी असल्या की तो दाराबाहेर खोकायचा आणि त्या बाजूला झाल्यावरच आत यायचा. दोघांमधला टपाल पोचवणारा शिपाई म्हणजे मुंगी.

"मुंगे, बाबांना विचार, उद्या भात चालेल का."

"बाबा, उद्या भात चालेल का?"

"सांग आजीला, काहीही चालेल. त्रास नका घेऊ म्हणावं."

"आजी, काहीही चालेल. त्रास नको घेऊस."

"घेऊस नाही गं, घेऊ नका म्हणाले असतील ते," आजी पुटपुटे. दोघे एकमेकांपासून हातभर अंतरावर असत.

दिवसा आजी एका पाळणाघरात काम करी. दुसऱ्यांची तान्ही पोरे कडेवर घेऊन तिचा एक खांदा कायमचा कलला होता. संध्याकाळी मुंगीला घेऊन ती परत येई. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती थांबे आणि म्हणे, "थांब, तुझ्या बुटाचा बंद सुटला." वर आल्यावर मुंगी मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने सांगे, "आजी, माझ्या बुटांना बंदच नाहीत!" मग आजी पदर खोचायची, पाणी प्यायची आणि मला खिळ्यावरून काढायची.

पहिल्या वर्षी काय सुरेख हात होता तिचा! कोबी असा चिरे की जणू कोणी पांढरे सूत पिंजले आहे. सुरी माझ्यावर पडे ती ठोकल्यासारखी नाही, टेकल्यासारखी. मुंगीच्या वर्गातल्या मुली तिच्या डब्यावर झडप घालत. एकीच्या आईने तर निरोप पाठवला की गाजर इतके बारीक कसे कापता, शिकवा. आजी म्हणाली, "अगं, त्यात काय शिकवायचं? दुसरं काही येत नाही म्हणून हे येतं." पण त्या दिवशी तिने मला धुऊन, पुसून, तेलाचे बोट लावून टांगले होते.

दमणे चोरपावलांनी येते. आज जरा, उद्या जरा, आणि एक दिवस पाहावे तर ते घरातलेच एक माणूस झालेले असते. आजी ओट्याला पोट टेकवून उभी राहू लागली. मग एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवू लागली. चिरता चिरता मध्येच हात थांबे आणि ती सुरी धरून तशीच उभी राही, कुठेतरी निघालो होतो पण कुठे ते आठवत नाही, अशी. साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून लेक बोलत असे. तिकडे तिची कामाची पाळी सुरू व्हायची असे किंवा संपलेली असे. डोळे दोन्ही वेळा सारखेच सुजलेले.

"आई, घेवड्याच्या शिरा नीट काढ हं. मुंगीच्या घशात अडकतात."

"तुला लहानपणी कोणी काढून दिल्या गं?"

"तूच."

"मग?"

आणि दोघी हसत. पण मी सांगते, तोवर आजीला शिरा दिसत नव्हत्या.

हे घरात सर्वांत आधी मला कळले. सुरी नेमकी जागा सोडून पडू लागली. कधी भाजीच्या शेजारी, कधी माझ्या कडेवर. नवे चरे माझ्या अंगावर आडवेतिडवे उमटू लागले. आजी आधी डाव्या हाताच्या अंगठ्याचे नख भाजीवर टेकवी, त्या नखाला पाते भिडवी, मग दाबे. बटाट्याचे डोळे ती बोटाने चाचपून काढी. जुडी नाकाशी नेऊन कोणती ते ओळखी. दिव्याखाली दोनदा धरलेला घेवडा शेवटी सुस्कारा टाकून तसाच मोडे. मी लाकूड, मला तोंड नाही. ज्याला सगळे आधी कळते त्यालाच बोलता येऊ नये, ही आम्हा वस्तूंची जुनी अडचण आहे.

मुंगीला थोडेफार कळले होते. ती डब्यातले घेवड्याचे दोरे काढून शाळेतच टाकी आणि रिकामा डबा घरी आणी. विचारले तर म्हणे, "मस्त होतं." मुंगीला खोटे बोलता येत नाही असे घरात सर्वांना वाटे, म्हणून तिचे खोटे सहज खपून गेले.

मग एक दिवस जावयाच्या डब्यात रबर निघाले. पालेभाजीच्या जुडीला बांधलेले, निळे, गाठ मारलेले. त्या दिवशी एका इमारतीत लिफ्ट मध्येच अडकली होती आणि आत माणसे होती. ती बाहेर काढेपर्यंत त्याचे अंग घामाने निथळले होते. मग कुठे जेवायला बसला, आणि दुसऱ्या घासाला हे. सोबतचा कारागीर म्हणाला म्हणे, "वा! आज डब्यात लिफ्टचा दोर दिलाय वाटतं." सगळे हसले. तोही हसला असणार. पण घरी आला तो न खोकताच सरळ आत आला आणि त्याने ते रबर माझ्यावर ठेवले.

"आई, हे डब्यात निघालं."

आजीने ते उचलायला चिमूट पुढे केली. चिमूट रबराच्या शेजारी माझ्यावरच मिटली. जावयाची मान खाली होती. त्याने पाहिले नाही.

"जुडीचं काहीतरी दिसतंय," आजी म्हणाली. "राहिलं असेल नजरचुकीनं."

"परवा देठाला माती होती. त्याआधी मुंगीच्या डब्यात हा एवढा घेवड्याचा दोरा. ती बोलत नाही, पण मी पाहिला. होत नसेल तर तसं सांगा ना, आई. मी पाव खाऊन राहीन. पण पोरीच्या घशात काही अडकलं म्हणजे?"

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. दमलेल्या माणसाचा सपाट आवाज फार लागतो.

"होतंय मला," आजी म्हणाली. "चुकलं. उद्यापासून बघेन."

तो गेल्यावर ती बराच वेळ माझ्यावरून तळहात फिरवत राहिली. ती रबर शोधत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने स्वयंपाकघराचे दार ओढून घेतले आणि आपल्या मुलाला फोन लावला. मुलगा दुसऱ्या गावी राहत असे. फोनवरची बारीक बटणे तिला दिसत नसत, त्यामुळे काहीतरी भलतेच दाबले गेले आणि मुलाचा आवाज साऱ्या खोलीत घुमू लागला. तो कसा बंद करायचा ते तिला कळेना.

"मी म्हणते, येऊ का रे तुझ्याकडे? थोडे दिवस?"

"आत्ता? आई, आत्ता कसं जमणार? हिचे आईवडील आलेत. पोरांच्या परीक्षा. जागा किती ती तुला ठाऊक आहे. आणि तिथं मुंगीला कोण बघणार?"

"हो, तेही खरंच."

"का गं, काही बोलले का तुझे जावई?"

"छे छे! ते कशाला बोलतील? देवमाणूस आहे. मी आपलं सहज विचारलं. इथं उत्तम चाललंय माझं."

"मग झालं तर. पुढं बघू, हां?"

दार पुरते लागलेले नव्हते. फटीतून मला जावयाच्या हातातली रिकामी पाण्याची बाटली दिसत होती. तो पाणी भरायला आला होता. खोकण्यासाठी त्याने तोंडाशी मूठ नेली आणि ती तशीच राहिली. मग तो आल्या पावली मागे गेला. बाटली त्याने त्या दिवशी न्हाणीघरातल्या नळावर भरली.

जरा वेळाने आजीने गाजरे घेतली. या वेळी जावई आत आला आणि ओट्याच्या टोकाशी उभा राहिला. नुसता उभा. आजी गोंधळली. डोक्यावरचा पदर सारखा करावा की गाजर धरावे, हे तिला सुचेना.

"काही हवंय का तुम्हाला?"

"नाही. चिरा तुम्ही."

तिने नख टेकवले, पाते भिडवले, दाबले. पुन्हा नख, पुन्हा पाते. तो पाहत होता. लिफ्टमध्ये कोणता भाग कुठे झिजला हे आवाजावरून ओळखणारा माणूस तो, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात त्याने आजवर कधी कान दिला नव्हता. तिसऱ्या का चौथ्या गाजराला पाते नखावरून सरकले. माझ्या अंगावर काहीतरी कोमट सांडले. आजीने हात झटकला, चिरलेली गाजरे ओंजळीत गोळा केली आणि पातेल्याकडे वळली.

जावयाने तिचे मनगट धरले. इतक्या वर्षांत त्याने तिला नमस्कार सोडून कधी स्पर्श केला नव्हता.

"आई, थांबा."

"काय झालं?"

"बोट कापलंय तुमचं."

"कुठलं?"

त्याने नळ सोडला आणि तिचा हात पाण्याखाली धरला. तेव्हा तिला कळले.

"मला वाटलं, गाजराचं पाणी आहे," ती म्हणाली.

त्याने फडक्याची पट्टी बांधली. मग तो म्हणाला, "कधीपासून?"

"कधीपासून काय? दिसतं मला. जरा धुकं असतं, एवढंच. वयाप्रमाणं व्हायचंच."

"सांगितलं का नाहीत?"

आजीने पट्टीवरून बोट फिरवले. "लेकीला कळलं तर ती तिकडचं सगळं टाकून येईल. एवढं शिकली, एवढे कष्ट काढले, ते माझ्या डोळ्यांपायी पाण्यात जायचं. आणि तुम्हाला कळलं तर..."

"तर काय?"

"ज्या म्हातारीला भाजी चिरता येत नाही, तिला ठेवून काय करणार तुम्ही?"

पाणी ठिबकत होते. फोनवरचे बोलणे आपण ऐकले हे त्याने तेव्हाही सांगितले नाही, पुढेही कधी नाही. तो एवढेच म्हणाला, "आई, दोर झिजला म्हणून आम्ही लिफ्ट काढून फेकत नाही. दोर बदलतो."

"म्हणजे मी लिफ्ट का?"

"नाही, म्हणजे... मला तसं..."

"चौथ्या मजल्यावर राहून एक लिफ्ट मिळाली हो तुम्हाला शेवटी," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटले. हसता हसता ती स्टुलावर बसली आणि मग बराच वेळ उठलीच नाही. इतकी दमली होती ती. त्या स्वयंपाकघरात ती बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

डॉक्टरांनी सांगितले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पिकला आहे, एकेक करून काढू. पण शस्त्रक्रियेसाठी नंबर लागायला वेळ होता. तोवर सुरी जावयाच्या हाती आली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत खडतर काळ कोणता म्हणाल, तर तो हा. त्याने हातोड्याशी उभा जन्म काढलेला. कांदा चिरी तो पाचर ठोकल्यासारखा. अर्धा कांदा माझ्यावर, अर्धा मुंगीच्या पायांशी. आजी स्टुलावर बसून डोळे मिटून ऐके.

"हळू. आवाज जड येतोय. तुम्ही बटाटा नाही, फळी कापताय."

"हा बटाटाच टणक आहे."

"बटाटा टणक नाही, धार गेलीय सुरीची. इतकी अवजारं आहेत तुमच्याकडे, घरातली सुरी कधी परजली नाहीत का?"

त्याने सुरीला धार लावली. दुसऱ्या दिवशी मुंगी टपाल घेऊन आत आली, तर दोघे एकमेकांशी थेट भांडत होते, भात आधी लावायचा की भाजी आधी टाकायची यावरून. मुंगी दारात घुटमळली आणि आपली नोकरी गेली हे ओळखून खेळायला निघून गेली.

पण सगळे गोड झाले असे समजू नका. जावई पहाटे उठे, दिवसभर लिफ्टच्या काळोख्या खड्ड्यात उतरे आणि घरी येऊन उद्याच्या डब्यांना लागे. भांडी घासायचे त्राण उरत नसे. मला तो धुई, पण पुसत नसे. ओलीच सिंकमध्ये आडवी टाकी. मी फुगले. माझी एक कड तडकली. अंगावर काळे डाग पसरले आणि मला कुबट वास येऊ लागला. त्याचा राग आला नाही. रात्रपाळीचे आणि दिवसपाळीचे काम एकच माणूस करू लागला की कुठेतरी ओल राहतेच.

लेकीला सांगायचे नाही, अशी आजीने त्याला शपथ घातली होती. त्याने ती पाळली नाही. फोन साखरेच्या डब्याला टेकवून तो म्हणाला, "ऐक. आईंना दिसत नाही. बरेच दिवस झाले."

पलीकडे लेक एकदम उभी राहिली, इतकी की फोनमध्ये नुसता तिचा गणवेश दिसू लागला. "मी येते. मी उद्याच सांगते इथं. मी इथं परक्यांच्या डोळ्यांत थेंब घालतेय आणि माझ्या आईला..."

"खाली बस आधी," आजी म्हणाली. "तुझा गणवेश दिसतोय नुसता, असं हे म्हणतायत. आणि तो तरी मला कुठं दिसतोय? काम संपव. सुट्टी मिळेल तेव्हा ये. तोवर मरत नाही मी. माझ्या हाताखाली एक शिकाऊ माणूस आहे, त्याला अर्धवट सोडून कशी मरू?"

लेक रडली. जावई गाजरे चिरत राहिला. त्या दिवशीच्या चकत्या जरा एकसारख्या पडल्या.

पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डोळ्यावरची पट्टी निघाली त्या संध्याकाळी आजी कोणाला न सांगता स्वयंपाकघरात आली आणि तिने मला सिंकमधून उचलले. मला फार लाज वाटली. चांगल्या कपड्यांतल्या पाहुण्यासमोर मळक्या अंगाने यावे तसे झाले.

"अगंबाई! ही इतकी काळी पडली?" तिने मीठ घेतले, लिंबाची फोड घेतली आणि मला घासायला सुरुवात केली. उभे घासले, आडवे घासले. गरम पाणी ओतले, फडक्याने टिपले, खिडकीत उभे करून वारा दिला, सुकल्यावर तेल पाजले. कित्येक दिवसांचा शीण उतरला माझा.

तेवढ्यात जावई कामावरून आला. आजीने मान वर केली आणि ती त्याच्याकडे पाहतच राहिली. तिने त्याला नीट पाहिले होते ते लेक गेली त्या वर्षी. त्यानंतर धुकेच होते.

"अहो," ती म्हणाली, "केस केव्हा पांढरे झाले तुमचे?"

त्याने डोक्यावरून हात फिरवला. "झाले हळूहळू."

"गालाची हाडं वर आलीत. डोळ्यांखाली केवढं काळं." तिच्या हातातले तेलाचे फडके खाली पडले. "आणि मला वाटायचं, या घरात मीच तेवढी दमते."

तो पाय न धुताच स्टुलावर बसला, माझ्या शेजारी ओट्यावर कपाळ टेकले आणि पाहता पाहता त्याला झोप लागली. आजीने त्या संध्याकाळी घेवडा इतका हलक्या हाताने चिरला की सुरीचा आवाज मलासुद्धा आला नाही.

दुसरा डोळाही झाला. ऋतू पालटला. आणि एके दिवशी लेक सुट्टीवर घरी आली.

दोन दिवस नुसता गलका होता. तिसऱ्या दिवशी मुंगीची शाळा होती, जावयाला कामावर जायचे होते, आजीचे पाळणाघर होते. म्हणजे आदल्या संध्याकाळी डबे आलेच. जेवणे आटोपली आणि लेक बाह्या सारून स्वयंपाकघरात आली. जावई चिरत होता. आजी कढईशी होती. मुंगी डबे पुसून ओळीने मांडत होती. कोणी कोणाला काही सांगत नव्हते; एकाचा हात उचलला जाई तोवर दुसऱ्याचा तेथे पोचलेला असे.

"द्या, मी चिरते," लेक म्हणाली.

"तू बस. लांबून आलीयस," जावई म्हणाला.

"मग मीठ घालू का, आई?"

"घातलं गं. तू बैस निवांत."

"मुंगे, डबे मी भरते."

"तुला नाही माहीत, आई, कुणाचा कुठला ते."

मित्रांनो, तिघांनी प्रेमानेच सांगितले. पण ती दाराशी उभी राहिली आणि तिचे हात बाजूला लोंबकळत राहिले. परक्या माणसांची दुखणी निस्तरून सालटी निघालेले ते हात. मी त्या घरात आले ती तिच्या काखेत बसून, आणि आज माझ्याभोवती तिला उभे राहायला जागा नव्हती.

आजीने कढईवर झाकण ठेवले आणि वळून तिच्याकडे पाहिले. आता तिला सगळे स्वच्छ दिसत होते. तिने कंबरेवर हात ठेवला, "अगं आई गं" म्हणाली आणि स्टुलावर बसली.

"आज काही माझ्यानं उभं राहवत नाही बाई. पार दमले. अहो, तुम्ही जरा कढईकडे बघा. आणि तू गं, उभी काय राहिलीस? तेवढा घेवडा चिर."

इतकी वर्षे दमलेली असताना 'होतंय मला' म्हणणारी ती आजी त्या संध्याकाळी मुळीच दमलेली नव्हती. तिची टाच स्टुलाखाली ताल धरत होती, ते मला दिसत होते. जावयालाही दिसले असावे. त्याने मुकाट्याने सुरी लेकीपुढे केली, मूठ तिच्याकडे करून.

लेकीने घेवडा माझ्यावर ठेवला. हात विसरला होता. रुग्णालयाच्या भोजनगृहातले आयते ताट खाण्यात किती वर्षे गेली होती.

"केवढा चिरू?" तिने विचारले.

"बाबा चिरतात तेवढा," मुंगी म्हणाली. "शिरा काढून."

डबे भरताना मुंगीने कपाटातून आणखी एक डबा काढला आणि ओळीत ठेवला.

"हा कुणाचा?"

"तुझा."

"अगं, मी कुठं जाणारे उद्या? मी घरीच आहे."

"घरीच खा. पण डब्यातलं खा. सगळे तेच खाणार, मग तू पण तेच खा. पण दुपारीच हं, आधी उघडायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सगळे गेले. घर शांत झाले. दुपारी लेक स्वयंपाकघरात आली, तिने फ्रिजमधून तो डबा काढला आणि ओट्यापाशी उभ्यानेच झाकण उघडले. थंड भात, थंड घेवडा, डब्याच्या कोपऱ्यात गाजराच्या चकत्या. तिने गरम केले नाही. बाकीचे तिघेही या वेळी गार जेवणच जेवत असतील ना. ती एकेक घास सावकाश खात राहिली.

आणि मी पाहत राहिले. इतकी वर्षे डबे भरले, पण माझ्यावर चिरलेले कोणी खाताना मी कधी पाहिले नव्हते. डबे नेहमी दुसरीकडे उघडत. माणूस उद्याचे जेवण जेवताना असा दिसतो तर! तिने शेवटचा घेवडा बोटाने पुसून घेतला आणि डबा माझ्यावर ठेवला. तो रिकामा होता आणि फार हलका लागला.

ती सुट्टी संपवून परत गेली. अजून एक करार आहे म्हणतात. इथे रोज संध्याकाळी मी खिळ्यावरून खाली येतेच. माझी तडकलेली कड रुंदावते आहे. फार दिवस पुरेन असे वाटत नाही.

म्हणून मित्रांनो, एवढे ऐका. उद्या दुपारी डब्याचे झाकण उघडाल तेव्हा त्या भाजीकडे क्षणभर पाहा. ती काल संध्याकाळी कोणीतरी उभ्याने चिरली आहे. आज घरी गेलात की त्या माणसाजवळ जा आणि "छान झाली होती" एवढे म्हणून पळू नका. त्याच्यासाठी एक स्टूल ओढा, सुरी मागा, आणि केवढे चिरायचे ते विचारा. आणि काम झाल्यावर फळी पुसून उभी ठेवा. ओली आडवी टाकू नका.